नावेची राळ

मित्रांनो, नृत्याचा प्रयोग पाहताना तुमची नजर माझ्यापर्यंत पोहोचण्याचे काही कारण नाही. विंगेच्या अंधारात मी जमिनीवर बसून असते. चार बोटे उंचीच्या कडा, पाइनच्या फळीचा तळ आणि कोपऱ्यांत लाकडी खुंट्या, एवढाच माझा संसार. मी राळेची पेटी आहे, आणि आता बरीच जुनी झाले आहे. मंचावर जाण्यापूर्वी नर्तकी माझ्यात उभी राहते, टाचेने राळेचा खडा फोडते, त्या भुकटीत जोड्याचे तळवे आणि टोके घासते आणि निघून जाते. राळेमुळे तिचा रेशमी जोडा फळ्यांवर घसरत नाही. बाहेर टाळ्या पडतात तेव्हा माझ्यात फक्त पावलांच्या खुणा उरलेल्या असतात.

मिचोआकान प्रांताच्या डोंगरात, जिथे घरांपेक्षा पाइनची झाडे अधिक आहेत अशा एका गावात माझा जन्म झाला. मला घडवले एउलालिओ यांनी. झाडांची राळ काढणे हा त्यांचा व्यवसाय होता. ते खोडाची साल तासत, जखमेखाली पत्र्याची पट्टी ठोकत आणि तिच्याखाली मातीचे मडके टांगत. झाड आपल्या गतीने चीक गाळत राही. बहुतेक चीक ट्रकने कारखान्यात जाई. थोडा ते घरीच लोखंडी कढईत शिजवत. त्यातले तेल उडून गेले की काचेसारखी पिवळी, ठिसूळ राळ उरे. त्यांचे वडील पात्स्क्वारोच्या तळ्यावर नावा बांधत, म्हणून नावेच्या फटी बुजवण्याची राळ कशी शिजवायची तेही त्यांना ठाऊक होते. त्या राळेत तेल थोडे राहू द्यायचे, वर बोटभर चरबी घालायची. अशी राळ पाण्यातल्या लाकडाला सोडत नाही. हे लक्षात ठेवा, कारण माझी सारी गोष्ट याच बोटभर चरबीवर उभी आहे.

त्यांची मुलगी रेफूहिओ. तिला सगळे कूका म्हणत. आई लहानपणीच गेलेली. मोरेलिआ शहरातल्या नृत्यशाळेच्या डेल्फीनाबाई मुले निवडण्यासाठी डोंगरात आल्या आणि कूकाच्या पायांची कमान पाहून थबकल्या. शाळेत येताना काय काय आणायचे हे त्यांनी तोंडी सांगितले. त्यात राळ होती.

"राळ?" एउलालिओ म्हणाले. "नाचायला?"

"हो बाबा," कूका म्हणाली. "पाय घसरू नये म्हणून."

ते चुलीकडे वळून म्हणाले, "जन्मभर राळ काढली. ट्रक भरून गेले. कोण म्हणे रंगात जाते, कोण म्हणे साबणात. पोरींच्या पायाखाली जाते हे कुणी सांगितलंच नाही मला."

एउलालिओंना लालो म्हणणारा शेजारचा इसाउरो कुंपणावर रेलून म्हणाला, "लालो, पोरगी नाचायला निघाली, मग कणसं कोण खुडणार?"

"तू आहेस की. कुंपणाला टेकू देण्यापलीकडे काही काम दिसत नाही तुला."

त्याच आठवड्यात त्यांनी मला बनवले. चीक देऊन थकलेल्या, वाऱ्याने पाडलेल्या एका म्हाताऱ्या झाडाची फळी त्यांनी माझ्यासाठी निवडली. खिळा एकही वापरला नाही. "खिळा वर आला तर जोडा फाटेल," असे ते स्वतःशीच पुटपुटत होते. ज्या कामाचा उपयोग त्यांनी कधी पाहिला नव्हता, त्याची इतकी काळजी घेणारे हात मला लाभले, हे माझे भाग्य.

मोरेलिआत कूका चोले आत्याकडे राहिली. आत्या बाजारात पानात गुंडाळून वाफवलेल्या मक्याच्या कोरुंदा विकत असे. पहाटे त्या घरात मक्याचा वास, दुपारी घामाचा आणि राळेचा वास. कूका स्वयंपाकघरात खुर्चीची पाठ धरून सराव करी आणि आत्या म्हणे, "खुर्ची मोडलीस तर उभ्यानं जेवायचं, सांगून ठेवते." शाळेत डेल्फीनाबाईंची काठी जमिनीवर ठोके देत असे. "रेफूहिओ, हे पाऊल आहे की भाकरी? ताण ते." मुली हसत. कूका हसत नसे आणि रडतही नसे. ती माझ्यात परत येई, पाय घासे आणि पुन्हा रांगेत जाई. तिच्या पायाच्या बोटांतून आलेले रक्त जोड्यातून झिरपून माझ्या तळाला लागले. ते डाग पुढे कितीतरी वर्षे राहिले.

पुढे ती राजधानीतल्या एका मोठ्या नृत्यसंस्थेत दाखल झाली आणि मी तिच्याबरोबर गेले. संस्थेत राळेच्या पत्र्याच्या पेट्या होत्या. त्यांत परदेशी डब्यांतली पांढरट भुकटी असे. सोराइदा नावाची वेराक्रूसची एक नर्तकी मला पाहून म्हणाली, "हे काय गं? कोंबड्यांना दाणे घालायला आणलंयस?" मग तिने माझ्यात पाय ठेवून पाहिला, एक गिरकी घेतली आणि परत येऊन पुन्हा पाय ठेवला. "डोंगरातली माणसं हीच राळ जेवणात घालतात का? म्हणूनच तुम्ही इतके चिकट." त्या दिवसापासून ती कूकाची जिवलग झाली. हळूहळू साऱ्याजणी माझ्याकडे येऊ लागल्या आणि पत्र्याच्या पेट्या कोपऱ्यात गेल्या. दर हंगामाला एउलालिओ मक्याच्या सोपटांत गुंडाळलेली राळ बसवाल्याच्या हाती पाठवत. ती टाचेखाली अशी तडकत असे की मंचापुढच्या वादकांनाही ऐकू येई.

त्या संस्थेत एक रीत होती. जी नर्तकी प्रथमच मुख्य भूमिका करणार असेल, तिने प्रयोगाआधी सर्वांसमोर राळेचा नवा खडा टाचेने फोडायचा. मग बाकीच्यांनी त्याच राळेत पाय घासायचे. म्हणजे तिचे यश सर्वांच्या पावलांना लागते, असे मानत. कूकाने अनेक वर्षे दुसऱ्यांनी फोडलेल्या राळेत पाय घासले. समूहातली एक, मग चौघींतली एक, मग दुसरी नायिका. नर्तकीचे आयुष्य पायांइतकेच लांब असते, आणि तिचे पाय तिशी ओलांडत होते. तेव्हा कुठे तिच्या वाट्याला मुख्य भूमिका आली.

तो प्रयोग नाट्यगृहात नव्हता. राजधानीतल्या मोठ्या उद्यानात एक तळे आहे. हिवाळा सरताना तिथे पाण्यात खांब रोवून, फळ्या टाकून मंच उभारत. प्रेक्षक काठावर घोंगड्या पांघरून बसत. कूकाने गावी फोन केला तेव्हा मी तिच्या खोलीत, पलंगाखाली होते.

"बाबा, या वेळी तुम्ही यायचंच. आजवर एकदाही पाहिलं नाही तुम्ही."

पलीकडून त्यांनी काही विचारले असावे. ती हसली. "हो, पाण्यात. म्हणजे वर फळ्या, खाली तळं. दव पडतं, फळ्या ओल्या होतात... हो, हो, आणा ना. तुमचीच राळ लागणार."

मित्रांनो, त्या दोन वाक्यांतून एका राळ काढणाऱ्या माणसाने काय ऐकले असेल, हे तुमच्या ध्यानात आलेच असेल. लाकूड, पाणी आणि ओल. वडिलांकडून शिकलेले सारे त्यांच्या हातांना आठवले.

प्रयोगाच्या दिवशी ते आले ते धुतलेला पांढरा सदरा घालून, गवती टोपी छातीशी धरून. त्यांनी आणलेली राळ नेहमीपेक्षा गडद होती. ती त्यांनी स्वतः माझ्यात ठेवली आणि माझ्या कडेवरून हात फिरवला, जसा कुणी सासरी गेलेल्या मुलीच्या डोक्यावरून फिरवावा. विंगेत सगळ्या नर्तकी जमल्या. कूका माझ्यात उभी राहिली, तिने टाच उचलली आणि मारली.

आवाज झाला नाही.

राळ तडकली नाही, दबली. टाचेचा ठसा तिच्यात उमटला आणि तसाच राहिला.

सोराइदा माझ्यावर वाकली आणि हळूच म्हणाली, "कूका, पाक कच्चा राहिलाय गं."

एउलालिओंना ते ऐकू गेले नाही. ते अभिमानाने सांगत होते, "पाण्यातल्या लाकडाला कोरडी राळ धरत नाही, पोरींनो. थोडं तेल राहू द्यावं लागतं, थोडी चरबी. माझ्या वडिलांच्या नावा कधी गळल्या नाहीत."

मुलींनी माना डोलावल्या. मग एकेक जण काही ना काही निमित्त काढून पत्र्याच्या पेटीकडे सरकली. सोराइदा कूकाच्या कानाशी लागली. "मी मध्ये उभी राहते. तळवे पुसून घे, तिकडची भुकटी लाव. त्यांना कळायचं नाही."

"ते बघतायत."

"बघू देत. पाऊल अडकलं तर जाणारा गुडघा तुझा आहे."

"सोराइदा, पहिल्यांदा आलेत ते."

आणि कूकाने दोन्ही पाय त्या राळेत घासले, सावकाश, वडिलांना दिसेल असे. भीती तिला होती. पण त्या भीतीपेक्षा समोरचा धुतलेला सदरा तिला मोठा वाटला.

पहिले दोन अंक थंडीने तिला सांभाळले. गारठ्यात राळ निमूट राहिली. तिची नजर, तिचे हात, तिची मान, सारे त्या रात्री असे काही बोलत होते की विंगेतले कामगारही दोर हातात धरून उभे राहिले. एउलालिओ माझ्या शेजारी स्टुलावर बसले होते. त्यांनी टोपी घट्ट धरली होती. पण सततच्या गिरक्यांनी तळव्याखालची राळ ऊब धरून मऊ झाली. शेवटच्या अंकात कूका एका पायाच्या टोकावर गेली, अंग वळले आणि पाऊल वळलेच नाही. ते फळीला धरून राहिले. जो आवाज राळेतून यायला हवा होता, तो तिच्या गुडघ्यातून आला.

सोराइदाने प्रसंग असा सावरला की काठावरच्या कित्येकांना काही कळलेही नाही. कूकाला उचलून आणले. तिचे ओठ पांढरे पडले होते.

"काय झालं पोरी?"

"दव, बाबा. पाय घसरला."

"मला वाटलंच होतं." ते तिचे हात चोळत म्हणाले. "पुढच्या वेळी अजून थोडं तेल राहू देतो."

सोराइदाने तोंड फिरवले.

गुडघ्यावर शस्त्रक्रिया झाली. त्यानंतरचे महिने मी पलंगाखाली काढले. त्या रात्री कुणीतरी घाईत कूकाचा जोडा माझ्यात टाकला होता, तो तसाच पडून होता. माझ्यावर धूळ बसली आणि त्या मऊ राळेत रुतली. एउलालिओ लेकीजवळ राहायला आले. ते मक्याची पेज करत, तिचा पाय उशीवर ठेवत, तिच्याबरोबर भिंत धरून चालत. सोराइदा भेटायला आली की दोघींचे हलक्या आवाजात बोलणे होई.

"सांग त्यांना."

"काय सांगू? की तुमच्या हातानं मला पाडलं?"

"मग ते पुन्हा तेच करतील. म्हातारा गावाहून चीक मागवतोय, माहीत आहे तुला? अजून चिकट करणार आहे."

"तेव्हाचं तेव्हा बघू."

"तेव्हा बघायला गुडघा उरला पाहिजे ना, वेडे."

कूका पुन्हा उभी राहू लागली. पुढच्या हंगामात परत येण्याची परवानगी मिळाली आणि स्वयंपाकघरात चिकाचा डबा येऊन पडला. मी सारे ऐकत होते, पण पेटीला सांगता येत नाही. माझ्या तळात सत्य चिकटून बसले होते आणि मी मुकी होते.

एका दुपारी एउलालिओंनी नव्या राळेसाठी मला साफ करायचे ठरवले. त्यांनी मला पलंगाखालून ओढले आणि आतला जोडा काढायला हात घातला. जोडा निघाला नाही. त्यांनी जोर लावला, तेव्हा जोड्याबरोबर मीही जमिनीवरून उचलली गेले.

ते तसेच उभे राहिले. हातात मुलीचा रेशमी जोडा, जोड्याला लोंबणारी मी. मग त्यांनी मला टेबलावर ठेवले आणि अंगठा राळेत दाबला. ज्या अंगठ्याने आयुष्यभर राळेची पारख केली, त्याला सांगावे लागले नाही. कूका कुबडी टेकत दारात आली.

"दव नव्हतं," ते म्हणाले.

"दवही होतं, बाबा."

"कूका."

तिने कुबडी भिंतीला टेकवली.

"तुला कळलं होतं? पाय घालायच्या आधी?"

"टाच मारली तेव्हाच."

"मग का घातलास पाय?"

"तुम्ही बघत होतात."

ते खुर्चीवर बसले. मला वाटले ते रडतील. पण त्यांच्या आवाजात राग होता. "नाव गळायला लागली तर नावाडी येऊन सांगतो. माझे वडील त्याला घरात बसवून पेज द्यायचे, कारण त्यानं सांगितलं. तू मला काय समजलीस? लहान पोर? रडेन म्हणून गप्प बसलीस?"

"तुम्ही इतक्या लांबून आला होता, बाबा. सदरा धुऊन."

"सदऱ्यासाठी पाय मोडून घेतलास." त्यांनी जोडा छातीशी धरला. "माझी राळ वाईट होती हे मला तूच सांगायचंस. दुसरं कोण सांगणार?"

मग ते उठले. साल तासायचे आपले छोटे पाते त्यांनी काढले आणि मला खरवडायला बसले. टर्पेंटाइनचा बोळा फिरवत, तासून तासून त्यांनी माझा तळ उघडा केला. पात्याचे ओरखडे माझ्या अंगावर राहिले. त्यांचे मला दुःख नाही. एक खूण मात्र गेली नाही. त्या रात्री जिथे कूकाची टाच रुतली होती तिथे राळ लाकडात मुरली होती. तिथे टाचेएवढा काळा डाग राहिला.

मग त्यांनी खिडक्या उघडल्या आणि शेगडीवर चिकाची कढई चढवली, या वेळी चरबीशिवाय. बाहेरच्या जिन्यावरून शेजारीण ओरडली, "काय जाळताय हो?" "माझी अक्कल," ते म्हणाले. कूका हसली. पुष्कळ दिवसांनी हसली. राळ थंड झाल्यावर त्यांनी ती माझ्यात ठेवली आणि लेकीसमोर मला सरकवले.

"मार टाच. चांगल्या पायाची."

तिने मारली. राळ तडकली. त्यांनी तिच्याकडे पाहिले.

"कशी आहे?"

"चांगली आहे."

"कूका, मी विचारतोय."

तिने भुकटीत तळवा घासला, भिंतीला धरून वजन टाकून पाहिले. मग मान खाली घालून म्हणाली, "जराशी मऊ आहे, बाबा. अजून कडक हवी."

एउलालिओंनी मान हलवली. त्यांनी माझ्यातून सारी राळ गोळा केली, कढईत टाकली आणि पुन्हा विस्तव पेटवला. त्यांच्या तोंडावर जो आनंद मी त्या वेळी पाहिला, तो तळ्याकाठच्या टाळ्यांतही पाहिला नव्हता.

कूका परतली. मी खोटे सांगणार नाही, गुडघा पूर्वीसारखा कधीच झाला नाही. उंच उड्या गेल्या आणि काही भूमिका कायमच्या दुसऱ्यांच्या झाल्या. तरीही ती काही हंगाम नाचली, आणि जाणती माणसे म्हणत की आता ती कमी हालते आणि अधिक सांगते. प्रत्येक हंगामात राळ आली, आणि प्रत्येक वेळी तिने फोनवर खरे ते सांगितले. "या खेपेला झक्क," किंवा "बाबा, ढगाळ दिवसात शिजवलीत का?" शेवटची राळ आली तेव्हा तिच्याबरोबर इसाउरो स्वतः आला होता, आणि त्याच्या टोपीला दुखवट्याची काळी फीत होती. ती राळ कूकाने फोडली नाही. ती अजून तिच्याजवळ आहे.

त्यानंतर माझेही दिवस फिरले. मंचांवर प्लास्टिकचे गुळगुळीत आच्छादन आले. राळेने ते खराब होते, म्हणून राळेला बंदी झाली. मला सामानाच्या खोलीत टाकले. कुणी माझ्यात उडालेले दिवे ठेवले, कुणी दार अडवायला मला वापरले. कूकाने नाचणे सोडले त्या दिवशी तिने निरोपाच्या फुलांआधी माझी चौकशी केली. सोराइदाने मला झाडूंमागून शोधून काढले. "घे तुझं कोंबड्यांचं खुराडं," ती म्हणाली आणि मला तिच्या हाती देऊन बराच वेळ सोडेना.

आता मी मोरेलिआत आहे. डेल्फीनाबाईंच्या जुन्या दालनात जमीन अजून लाकडाची आहे, आणि तिथे कूका शिकवते; मागच्या चुलीवर राळही तीच शिजवते. तिच्या हातात काठी नाही. नवे मूल आले की ती त्याला माझ्यात उभे करते आणि विचारते, "कशी आहे राळ? मला बरं वाटेल असं नको. आहे तसं सांग."

मित्रांनो, माझ्यासारख्या वस्तूंची निगा राखा. वापर झाला की पुसून ठेवा, अडगळीत टाकू नका. लाकूड मुके असते, त्याचे दुखणे तुम्हालाच ओळखावे लागते. पण माणूस मुका नाही. जो तुमच्यासाठी मायेने काही घडवून आणतो, त्याच्या हातात चूक दिसली तर तिथेच, त्याच वेळी, मऊ आवाजात सांगा. तुमच्या गप्प राहण्याने त्याची माया वाचत नाही, फक्त त्याची चूक मोठी होते.

परवा एक लहान मुलगी माझ्यात उभी राहिली. तिने पाय घासता घासता खाली पाहिले आणि विचारले, "बाई, हा काळा डाग कसला?"

कूका माझ्याजवळ गुडघा सांभाळत वाकली. तिने त्या खुणेवर बोट ठेवले.

"इथं मी गप्प बसले होते," ती म्हणाली. "आता तू सांग. राळ कशी आहे?"

मुलीने पाऊल वळवून पाहिले. थोडी घाबरली. मग म्हणाली, "बाई, चिकटते."

कूकाने मला उचलले आणि राळ पुन्हा शिजवायला चुलीकडे नेले.